निम्म्या जागेत सासरे

३ मार्च, संध्याकाळ
कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरली. कुणामुळे? सासऱ्यांमुळे! माणूस गेला, पण शूटिंगचा ढिगारा माझ्या डोक्यावर ठेवून गेला. हयातभर कॅमेरा घेऊन लेकीच्या मागे. स्वतः एकदाही चित्रात नाहीत, नुसती मागून बडबड: ठमे, इकडे बघ, ठमे, पडशील गं.
मेहुणा म्हणतो, भाऊजी, दुसरी डिस्क घ्या. मला अक्कल शिकवतोय! मी सगळं री-एन्कोड करणार. जागा निम्मी, क्वालिटी तीच. ठरलं म्हणजे ठरलं.

५ मार्च
फाइल मुळापेक्षा मोठी झाली. मोठी! कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन केला. म्हणे, साहेब, सेटिंग चुकलं असेल. चुकलं असेल म्हणे! फोन आपटला. ग्राहकाशी बोलायची रीत नाही मेल्याला.

६ मार्च
तीच क्लिप पुन्हा पुन्हा लावून बघतोय. प्रत्येक वेळी सासरे सुरू: ठमे, इकडे बघ. आणि प्रत्येक वेळी ही ओल्या हातांनी दारात हजर. काम सोडून माझ्यावर पाळत! वर म्हणते, परत लावा ना. मी म्हटलं, हे काय थिएटर आहे? तोंड पाडून गेली.
डोकं उठलं. टेस्टिंगपुरती 'ऑडिओ'वरची टिक काढून टाकली. आता कसं शांत!

८ मार्च, दुपार
जमलं! जुनं-नवं शेजारी शेजारी लावून ताडून पाहिलं. हिच्या फ्रॉकवरचा ठिपका न् ठिपका जागच्या जागी. सेटिंग 'फायनल' नावाने सेव्ह केली आणि झाडून सगळ्या फाइली लावल्या.

१० मार्च
सगळं झालं. एकेक नवी फाइल झाली की तिची मूळ फाइल उडवत गेलो, रिसायकल बिनसुद्धा रिकामी करत गेलो. मेहुणा विचारतो, कॉपी ठेवलीत ना? मी म्हटलं, कॉपी भित्र्या लोकांनी ठेवावी. हा आयुष्यात सुधारायचा नाही.

१२ मार्च, संध्याकाळ
हिचा वाढदिवस. मेहुण्याचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून त्याला मुद्दाम बोलावलं. मोठ्या टीव्हीवर लावलं. चित्र काय झकास!
हिने विचारलं, बाबा बोलत का नाहीत?
व्हॉल्यूम वाढवला. वायर उपटून परत खोचली. टीव्हीला चापट मारली. रिमोट बिघडवला म्हणून मेहुण्यावर खेकसलो. त्याने तर रिमोटला हातही लावला नव्हता.
मग ती टिक आठवली.

१३ मार्च
दुकानदार म्हणाला, साहेब, फाइलमध्ये आवाजच नाही, परत आणायचा कुठून? उडवलेल्या फाइलींच्या जागेवर नव्या बसल्या, म्हणे. याच्यावर केस केली पाहिजे. कसली, ते बघू.
घरी आलो तर ही टीव्हीसमोर. अमुक ठिकाणी बाबा काय म्हणाले होते, हे मेहुण्याला फोनवर विचारत होती. दोघांचं जुळेना. शेवटी मला विचारलं.
मला सगळं पाठ. वैतागून वैतागून पाठ झालेलं. टीव्हीवरची पोर पळायला लागली तसा मी बोलत गेलो. कुठे हाक मारली, कुठे हसले, कुठे खोकला आला. सगळं अगदी बरोबर सांगितलं.
ही म्हणाली, हो, शब्द हेच होते. आणि टीव्ही बंद करून आत गेली.
मी अजून इथेच बसलोय. चिडायला समोर कुणी नाही.