भुरीला सांगितलेलं

३ डिसेंबर, बुधवार
कोल्ह्यानं आणखी एक करडू नेलं! भरदिवसा, तुरीच्या कडेनं. शेळी संध्याकाळपर्यंत ओरडत होती.
हे ऊसतोडीला गेलेत, जोडीला धाकटे दीर. मी यंदा मागं राहिले, शेळ्या व्यायला आल्या होत्या म्हणून. माहेरून आणलेल्या शेळ्या. एक-एक अशी जाऊ लागली तर राहून काय उपयोग?
मामाजी माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या तांड्यात सासरा सुनेशी बोलत नाही, तिनंही त्याच्यापुढं तोंडावरचा पदर काढायचा नाही. पण आज ते कुत्रीजवळ बसले अन् मोठ्यानं म्हणाले – "भुरे, तुले अन् काळूले पुन्हा शिकवा लागते. माह्ये गुडघे आता पळत नाईत. हिले सांग, उद्या जोडे घालून ये म्हना."
पदराआड हसू आवरेना!

५ डिसेंबर
मामाजींनी कोल्ह्याच्या बिळाच्या तोंडाशी एक पोतं घासून आणलं. ते ओढत मी नाल्यातून पळायचं, कुत्र्यांनी वास काढत यायचं. पोटऱ्यांना काटे, अंगभर कुसळं. मामाजी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून – "भुरे, तिले सांग, सरळ नको पळू. कोल्हा काय सरळ पळते?"

८ डिसेंबर
आता शीळ. दोन बोटं जिभेखाली. नुसती हवा निघते. चुलत सासू गोमतीबाई ओरडल्या – "बाईमानसानं शिट्टी वाजवते का व!" मामाजी काळूला म्हणाले – "कोल्हा इचारते का, बाई हाय का मानूस हाय?"

११ डिसेंबर
जमली! ओठ फुटले, पण जमली.

१५ डिसेंबर
जंगलखात्याचा माणूस सांगून गेला – हाकला, पण मारू नका, केस होईल. मामाजींनी तरुणपणी पुष्कळ मारलेत. आता म्हणतात, नुसता भेव घालायचा. पण कुत्र्यांना कोण समजावणार? धावायला ती आपोआप शिकली. शीळ ऐकली की थांबायला शिकवतेय – तेच अवघड.

२१ डिसेंबर, रविवार
आज खरी शिकार झाली.
उजाडताना दोन कोल्हे शेळ्यांच्या वाड्याजवळ दिसले. कुत्री सोडली. एक तुरीत घुसला, काळू त्याच्या मागं. दुसऱ्याला भुरीनं वळवून नाल्याच्या दरडीशी कोंडलं. मी धावत पोचले तोवर तिनं त्याचं नरडं धरलं होतं. शीळ घालायची तर छातीत दमच नाही! बोटं तोंडात, आवाज नाही. कोल्ह्याचे डोळे माझ्याकडं.
मागून हाक आली – "उज्ज्वला! अवं शीळ घाल, शीळ!"
माझं नाव! मामाजींच्या तोंडून!
कशी वाजली कोण जाणे, पण वाजली. भुरी थबकली. मग तिनं सोडलं. कोल्हा लंगडत दरड चढून गेला, मागं वळूनही पाहिलं नाही.
मामाजी काठी टेकत आले. दोघंही खाली बघत उभे. मग ते भुरीला म्हणाले – "भुरे, चहा ठेव म्हना."

२६ डिसेंबर
कोल्हे फिरकले नाहीत. करडं उन्हात उड्या मारतात. मी नुसती बघत बसते.

३० डिसेंबर
शनिवारी शेजारच्या इंझोरी गावाहून धुरपताबाई आल्या, त्यांच्याही शेळ्यांवर कोल्हे येतात. मामाजींना म्हणाल्या – "हरिसिंगभाऊ, कुत्रे घेऊन चला न." मामाजींनी माझ्याकडं बोट केलं – "कुत्रे तिचं आयकतात. तिले इचारा."
मला विचारा! गेले. दोन दिवस राहून कोल्हे पार टेकडीपलीकडं घालवले. येताना त्यांनी हरभऱ्याची भाजी बांधून दिली. रात्री गाढ झोप.

४ जानेवारी, रविवार
यांचा फोन – "मुकादम पुढच्या साली आपल्या दोघायची जोडी मांगून राह्यला. तुले यावंच लागते."
मी म्हटलं – "मी नाई येत."
"काहून?"
"मले इथं काम हाय."
लग्न झाल्यापासून यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं.