नावाआधीचं ‘कै.’

वारूळवाडी, बुधवार

प्रिय आदेश,

काल, मंगळवार दि. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी तू तुझ्या जिवंत आईला मारलंस.

गावासाठी तू इंटरनेटवर जे पान बनवलंस, त्यावर मी सूचना लिहीत होते. ‘प्रतिभा पाटे यांच्या थोरल्या जाऊबाई ठकूबाई यांचा दशक्रिया विधी रविवारी आहे.’ ठकूबाईंच्या नावाआधी ‘कै.’ लिहायचं राहिलं. हात धजला नसेल. म्हणून बाणाचं बटण दाबत कर्सर मागे नेला. तुझा कर्सर धड चालत नाही. जोडाक्षर आलं की अडखळतो, अक्षर खोडायला जावं तर नुसती मात्रा उडते. कसाबसा ‘ठ’च्या आधी आणून उभा केला आणि ‘कै.’ लिहिलं, तर तिथे काहीच उमटलं नाही. ‘ठ’च्या आधी पुन्हा कर्सर आणून लिहिलं, तेव्हा उमटलं. मी पाठवून दिलं. पहिलं ‘कै.’ गेलं कुठे? कर्सर उडी मारून ओळीच्या सुरुवातीला बसला होता, आणि ओळीच्या सुरुवातीला मी होते.

ही उडी मी तुला तीनदा सांगितली होती. जूनमध्ये, गणपतीत, दिवाळीत. तिन्ही वेळा तू म्हणालास, “आई, पान रिफ्रेश कर.” मी काय सुकलेली कोथिंबीर विकायला बसले आहे, पाणी मारून ताजी करायला? लिफाफा चिकटवण्याआधी पत्र दोनदा वाचायचं, हे कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं होतं. मी एकदाच वाचलं. एवढी चूक माझी, आणि ती मी लिहून देते आहे. तूही शीक.

दुपारी मढ गावाहून जानकूमामा एसटीने आले. हातात हार. दार मीच उघडलं. “आगं बया, तू हायेस व्हय!” म्हणाले आणि पायरीवरच बसले. मग रडता रडता चिडले, “आता ह्यो हार कुनाच्या गळ्यात घालू? लई म्हागाचा हाय!” तो ठकूबाईंच्या फोटोला घातला. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने, उज्ज्वलाने, माझ्याच नंबरवर फोन केला आणि माझा आवाज ऐकून किंचाळली. संध्याकाळपर्यंत अकरा फोन आले. त्यात तुझा नव्हता.

तुझं उत्तर तर सगळ्यांच्या आधी आलं होतं, दहा एकतीसला. आईच्या नावाआधी ‘कै.’ लावलेल्या सूचनेवर तू एक पिवळा अंगठा पाठवलास.

ठकूबाईंना अक्षरओळख नव्हती. मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा तुला कडेवर घेऊन त्याच फिरायच्या. आयुष्यभर त्यांनी अंगठाच उठवला. पण उठवण्याआधी समोरचा कागद मला मोठ्याने वाचायला लावायच्या, दोनदा. “वाच गं, मग लावते,” म्हणायच्या.

कर्सर कधी दुरुस्त करायचा ते तुझं तू बघ. मला लेखी उत्तर हवं आहे. कागदावर, शाईने, ‘प्रिय आई’पासून सुरू होणारं, आणि काकूबद्दल चार ओळी असलेलं. पोस्टाने नको, कुरिअरने नको. शनिवार दि. १५, संध्याकाळी पाचच्या आत तू स्वतः आणून द्यायचं. रविवारी घाटावर ते मी मोठ्याने वाचणार आहे, आणि तेव्हा तू शेजारी उभा हवास.

तुझीच,
अजून हयात असलेली आई