डावा हात लेओकादियाला, उजवा कासिल्दाला

मी इलारियो बेनावेंते, हार्प्सिकॉर्ड या पट्ट्या दाबून वाजवायच्या तारवाद्याचा शिक्षक, राहणार त्रियाना, सेव्हिल. माझे गुडघे कामातून गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी रागाच्या भरात केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

घर माझ्या दोन मुली, थोरली कासिल्दा आणि धाकटी लेओकादिया, यांच्या नावे समाईक राहील. मध्ये भिंत घालू नये. त्यांच्या आईची काळी जाळीची ओढणी कोणी घ्यायची, यावरून तिच्या अंत्यविधीच्या दिवशी दोघींनी अबोला धरला, तो अजून सुटलेला नाही. जेवायला मात्र एकाच टेबलावर बसतात, मला मध्ये घेऊन.

"बाबा, तिला सांगा, मीठ इकडे सरकव."

"बाबा, तिला सांगा, देवानं तुलाही हात दिलेत."

निरोप पोचवून मी थकलो. ती ओढणी दोघींनाही नाही. आमच्या चर्चमधल्या मरियममातेच्या डोक्यावर ती घालावी. मातेशी भांडायची हिंमत असेल तर खुशाल भांडावे.

माझे मेहुणे फादर बाल्तासार ऑर्गन वाजवतात. हार्प्सिकॉर्डसाठी मी एक सोनाटा रचली आहे; तिच्यात शेजारशेजारचे सूर मुद्दाम एकदम चिरडलेले आहेत, गिटारवाला तारांवरून पंजा फिरवतो तसे. नक्कल करायला नेलेली प्रत त्यांनी परत आणली आणि हसून म्हणाले, "इलारियो, शाई सांडली होती का हो? डाग खरवडून काढलेत मी!" माणूस मनाने चांगला आहे. त्यांना माझी दौत आणि लेखण्या द्याव्यात. चाकू देऊ नये.

आता ती सोनाटा, जी मी पुन्हा शाबूत लिहून काढली आहे. हार्प्सिकॉर्डवर बोट कितीही आपटा, आवाज तेवढाच. म्हणून राग, लाड, रडू सगळे सुरांच्या गर्दीतून सांगावे लागते. ही सोनाटा नाचत निघते, मध्येच हिरमुसते, आणि पुन्हा टाचा आपटत उठते. माझ्या दोन्ही लेकी अशाच आहेत आणि दोघींवर माझा फार जीव आहे.

या सोनाटातला उजव्या हाताने वाजवायचा भाग कासिल्दाला आणि डाव्या हाताचा लेओकादियाला देत आहे. ती एकट्याने वाजवायची असते हे मला ठाऊक आहे, मीच लिहिली आहे. तरी माझ्या अंत्यविधीनंतर दोघींनी एका बाकावर बसून ती वाजवावी. नकार दिल्यास हार्प्सिकॉर्ड फादर बाल्तासार यांच्याकडे जाईल.

डावा हात उजव्यावरून उडी मारून वरचा सूर गाठतो. तिथे धाकटीला थोरलीच्या कुशीत शिरल्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्यांदा दोघी अंग चोरतील. म्हणून सक्त ताकीद देतो: प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा आहे, पुनरावृत्ती गाळू नये.

सही: इलारियो बेनावेंते
साक्षीदार: सेराफिन ओचोआ, पाववाला, उर्बानो लारा, न्हावी
त्रियाना, ९ फेब्रुवारी १७६२