ऐकलं तरी ऐकलं नाही

९ जून, सोमवार

झाले एकदाची जपानीच्या वर्गात दाखल! चौसष्टाव्या वर्षी. वाचनालयाच्या मागची खोली, बारा खुर्च्या, एक फळा. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीहूनही दहा वर्षांनी लहान. पहिल्याच तासाला एकेकाला उभं करून विचारलं – जपानी का शिकायचंय? एका नर्सला तिकडच्या वृद्धाश्रमात नोकरी मिळतेय. दोन इंजिनिअर कंपनीने धाडलेत. एक पोरगा चित्रकथांच्या नादाने आलाय. माझी पाळी आली तेव्हा मी चक्क थाप मारली – डॉक्टरांनी सांगितलंय, स्मरणशक्ती चांगली राहते.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. लेक तिकडे, जावई तिकडचाच, आणि नात पाच वर्षांची. घास गालात भरून बसते म्हणून तिला मी खारू म्हणते. तिला मराठीची पाच-सहा वाक्यं येतात. ती संपली की आम्ही एकमेकींकडे बघून हसत बसतो. काल व्हिडिओ कॉलवर तिने आईला काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "ती विचारतेय, आजी नुसती हसते का?"

जिव्हारी लागलं. म्हणून हा खटाटोप. लेकीला आत्ताच सांगायचं नाही. धड बोलता आलं की एकदम चकित करायचं!

१३ जून

अक्षरं बघूनच डोळे पांढरे झाले. एक लिपी शेहेचाळीस अक्षरांची. ती पाठ होते न होते तोच कळलं, तेच उच्चार लिहायला दुसरी लिपी आहे. आणि या दोन्ही संपल्या की चित्रासारखी अक्षरं – दोनेक हजार. त्यातल्या एकेका अक्षराचे चार-चार उच्चार. बाई गोड हसून म्हणाल्या, सवयीने होतं. हे म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी.

१ जुलै

आज मोजायला शिकलो. पेन्सिली मोजायची रीत वेगळी, कागद नि शर्ट मोजायची वेगळी, मांजरं मोजायची वेगळी. माणसांची आणखी निराळी. आपण बापडे एक-दोन-तीन म्हणून मोकळे होतो! नाकी नऊ आले.

घरभर चिठ्ठ्या डकवल्यात – दार, आरसा, खुर्ची. खुर्चीची चिठ्ठी शर्टाला चिकटून हे न्हाव्याकडे जाऊन आले. पाठीवर जपानीत 'खुर्ची'. दिवसभर मी एकटीच हसतेय.

८ जुलै

एक सुख सापडलं. यांचं क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. 'मी घरी जाते' – अगदी याच क्रमाने! दोघे इंजिनिअर इथेच अडखळतात, कारण ते मनात आधी इंग्रजी करतात. मी सरळ मराठीवरून उडी मारते. बाई म्हणाल्या, आजी पुढे निघाल्या. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

२० जुलै, रविवार

आज कॉलवर पहिलं संपूर्ण वाक्य कळलं!! खारू म्हणाली – आजीच्या नाकात केस आहे.

लेक मला म्हणाली, "आजी छान दिसते म्हणतेय."

हसू दाबताना जीव गेला. पण चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत उगाच नाही. लाइन जोडायची, आवाज लागला का ते बघायला दोन शब्द ऐकायचे, आणि कानावरचं काढायचं. त्या दोन शब्दांत काय काय कानी पडायचं – मरण, मोडलेली लग्नं, कोणाचं कोणाशी. आमच्या सुपरवायझर बाई पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत – ऐकलं तरी ऐकलं नाही. नवऱ्याला सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही. मी तो नियम कधीही मोडला नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

लिहू की नको, असं झालंय.

सकाळचा कॉल. हे अंघोळीला गेले होते. खारूने चित्र काढता काढता आईला विचारलं, बाबा आज येणार? लेक तिला म्हणाली – नाही. बाबा आता दुसऱ्या घरात राहतात. आपण दोघी इथे राहतो.

तीन वाक्यं. सगळी आमच्या पाचव्या धड्यातली. एक शब्द अडला नाही.

मग लेक माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, बाकी सगळं छान. मी विचारलं, हवा कशी आहे?

२५ ऑगस्ट

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ती का सांगत नाही हे मला माहीत आहे. आठ वर्षांपूर्वी तिने लग्नाचं सांगितलं तेव्हा हे या इथेच, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले होते, "कर तुला हवं ते. पण पुढे काही बिनसलं तर मला सांगायला येऊ नकोस." लग्नाला गेले, आहेर केला, जावयाशी नीट वागले. पण ते वाक्य काही परत घेतलं नाही. आणि ही पोरगी वडिलांवर गेलीय. नको म्हणालात ना, मग नाही सांगणार.

मला यांचा राग येतोय. माझाही येतोय. तेव्हा मी भाजी चिरत होते, आणि चिरतच राहिले.

७ सप्टेंबर, रविवार

आज खारूने विचारलं, आई, तू काल का रडलीस? लेक म्हणाली – थकले होते. काम खूप आहे. आई एकटी आहे ना.

मी समोर बसलेली. हातभर अंतरावर तिचा चेहरा. डोळ्यांखाली काळं आलंय. विचारावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने मला सांगितलेलं नाही. ती खारूशी बोलत होती. दुसऱ्याच्या लाइनवर मध्येच तोंड घालायचं नसतं. शिवाय एकदा विचारलं की माझ्यासमोर इतकंही बोलणार नाही ती.

पुन्हा हवेचं विचारलं. पाऊस आहे म्हणाली.

१६ सप्टेंबर

वर्गात बाई म्हणाल्या, जपानी माणूस वाक्य अर्धं सोडून देतो. 'जरा…' एवढं म्हणून थांबतो. उरलेलं समोरच्याने ओळखायचं. नर्सने विचारलं, आणि समोरच्याने ओळखलंच नाही तर? बाई म्हणाल्या, मग तो पुन्हा सांगतो, आणखी सोपं करून.

सगळे हसले. माझं लक्ष नव्हतं.

५ ऑक्टोबर, रविवार

डिसेंबरात घर बदलणार आहेत. लहान घरात. लेक खारूला विचारत होती, तुझी कुठली खेळणी ठेवायची. मला शब्दन् शब्द कळतो आता. परीक्षा घेतली तर पहिली येईन. काय उपयोग?

१४ ऑक्टोबर

आज नियम मोडला. चहा झाल्यावर यांना सगळं सांगून टाकलं. दुसरं घर, रडणं, डिसेंबर. आणि दारातलं ते वाक्यही ऐकवलं, जसंच्या तसं.

वाटलं होतं, भडकतील. पण एवढंच म्हणाले, "मी असं म्हणालो होतो?" मी म्हटलं, हो. मग उठून कप विसळून ठेवला. या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कप विसळताना पाहिलं.

१७ ऑक्टोबर

हे माझी वही घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर, वही नाकाशी. म्हणाले, "अगं, 'चुकलो मी'ला तुमच्या जपानीत काय म्हणतात?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हटलं, "अहो, लेक आपली आहे. मराठी विसरलेली नाही ती."

१९ ऑक्टोबर, रविवार

फोन यांनीच लावला. नमनाला घडाभर तेल नाही. म्हणाले, "चुकलो मी. ते बोलायला नको होतं. तू ये, नाहीतर आम्ही येतो." लेक तोंडावर हात धरून रडली. खारूने तिला रुमाल आणून दिला.

मग ती मला म्हणाली, "आई, तू जपानी शिकतेस हे बाबांनी मला जूनमध्येच सांगितलं होतं. त्यांच्या पोटात काही राहतं का? मला तुला सरळ सांगवत नव्हतं. म्हणून तर तुझ्यासमोर बोलत होते, सोपं सोपं करून. आठ रविवार. तू दर वेळी हवाच विचारलीस."