पाणी कोणी पाजलं

मोठी माय,

परवा माझी नात शाळेतून आली ती दप्तरही न ठेवता माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "आजी, हस बरं. आता दोन्ही हात वर कर." त्यांच्या शाळेत कोणी डॉक्टर लकव्याची लक्षणं शिकवून गेले होते. मी हात वर केले आणि तोंडून तुझंच वाक्य निघालं, "काऊन वं, मी काय चोर हाव का?" पोर खिदळली. मग तिनं बोटांवर मोजत पुढचं म्हणून दाखवलं. तोंड एका बाजूला ओढलं, एक हात खाली पडला, बोलणं अडखळलं, की लगेच दवाखाना. "आणि आजी, पाणीसुद्धा पाजायचं नाही." मी उठून आत गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले. तुला जाऊन तीसेक वर्षं झाली. एक गोष्ट तुला विचारायची राहून गेली आहे, ती आता विचारते. उत्तर येणार नाही म्हणूनच हिंमत होते आहे.

हाच धडा मी पाचवीत शिकले होते, तुला आठवत असेल. महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषदेची शाळा देवळातून उठून नव्या कौलारू खोलीत आली होती. आमच्या गुरुजींच्या आईला लकवा झाला तेव्हा घरच्यांनी कबुतर मारून त्याचं रक्त अंगाला चोळलं, कुणीतरी घशात काढा ओतला, आणि दवाखान्याची आठवण झाली ती तिसऱ्या दिवशी. ती वाचली नाही. त्यानंतर दर शनिवारी कवायत झाली की गुरुजी आमच्याकडून हा धडा म्हणून घेत. हसायला सांगा, हात वर करायला सांगा, स्वतःच्या गावाचं नाव घ्यायला सांगा. कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, आणि गावात ज्याच्याकडे गाडी असेल त्याच्याकडे पळा. कुणाकडे बैलबंडी आहे, कापसाचा ट्रक कुठल्या वारी येतो, तालुक्याचा दवाखाना किती कोस, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ होतं. गावाला मात्र हे रुचलं नाही. चांगल्या धडधाकट म्हाताऱ्यांना पोरं उठसूट हात वर करायला लावतात, हे अभद्रच की. जानेफळच्या बाजाराला निघालेली माणसं पारावर थांबून म्हणायची, "मास्तर पोरायले आपल्यावर पाळत ठेवाले शिकवून राह्यला." तू तर मला चुलीपाशी उभंच केलं नाहीस. मी धडा म्हणायला लागले की पाठ फिरवून शेंगा फोडत बसायचीस.

आपल्या स्वयंपाकघरात तेव्हा दोन चुली होत्या. मोठे बाबा वारले आणि तुझी चूल वेगळी झाली. माय आणि तू सख्ख्या जावा, पण दोघींमधून विस्तव जात नव्हता. पाण्याचा रांजण तेवढा एकच. तुला मूल नव्हतं आणि मी मायची एकुलती एक. तुझी माझ्यावर वाईट नजर आहे असं मायच्या मनानं घेतलं होतं. मला बजावायची, "तिच्या हातचं खाजो नोको. पानीबी पेजो नोको." मी अंगावर पीत होते तेव्हापासून हा संशय माझ्या पोटात गेला असावा. तू हसून गूळ पुढे केलास तरी मी आधी मायकडे बघायची.

तो शनिवार होता आणि कापूस वेचणीचे दिवस. सकाळची शाळा सुटून मी घरी आले. बाप मळ्यात वांगी तोडायला गेलेला, आजोबा जेवायला बसलेले, आणि मायनं त्यांच्या ताटात भाकरी टाकली ती डाव्या हातानं. आजोबांचा घास हातातच राहिला. "डाव्या हातानं वाढते? मी काय दारातला भिकारी हाव का?" माय काहीतरी बोलली, पण ते काही शब्द नव्हते. आजोबांना वाटलं, सून पुटपुटत उलटून बोलते. ते भरल्या ताटावरून उठले आणि काठी घेऊन पाराकडे चालते झाले. मलाही मायचाच राग आला. सकाळी तिची त्यांच्याशी बाचाबाची झाली होती, त्याचा सूड घेते असं वाटलं. शाळेत सगळ्यात आधी हात वर करून धडा म्हणणारी मी, पण माझ्या डोक्यात काही आलं नाही.

उठलीस ती तू. पोळ्यापासून तू मायशी बोलली नव्हतीस. तिच्यासमोर जाऊन बसलीस आणि म्हणालीस, "धाकटे, माह्याकडे पाह्य. हास." मायच्या तोंडाची एकच बाजू हलली. "हात वर कर." डावा वर गेला, उजवा परातीतल्या पिठात तसाच पडून राहिला. तू माझ्याकडे वळलीस. "पोरी, तुह्या मास्तरनं सांगतलं ते हेच ना?" मी कशीबशी हाव म्हणाले. "गावाबाहेर कापसाचा टरक उभा हाय. मी जातो. तू इथून हलजो नोको. तिले कुशीवर निजव. अन् पानी देजो नोको, कितीबी मांगलं तरी." म्हणजे शेंगा फोडता फोडता तू सगळा धडा ऐकला होतास. विधवा बाई, जिनं उंबऱ्याबाहेर कधी मोठ्यानं शब्द काढला नाही, ती पदर न सावरता भर रस्त्यानं पळत गेलीस.

मग मी आणि माय दोघीच. तिनं रांजणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डावा हात ओठांना लावला. मी मान हलवली. तिनं पुन्हा लावला. त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझ्या मनात आलं, मोठी माय पाणी देऊ नको म्हणाली ती का? ती तर आमची वैरीण. तिला माय मरायलाच हवी असेल. गुरुजींनी पंचवीस वेळा घोकून घेतलेली गोष्ट, पण ती तुझ्या तोंडून आली आणि मला खोटी वाटली. मी रांजणातून गडवा भरला, मायचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. अर्धं ओठांतून ओघळलं. बाकीच्यानं तिला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. मग घशात घरघर सुरू झाली ती थांबेना.

तू ट्रक घेऊन आलीस. आत आल्यावर आधी मायकडे पाहिलंस, मग तिच्या भिजलेल्या चोळीकडे, मग उशाशी पडलेल्या गडव्याकडे. गडवा उचललास आणि तुझ्या चुलीपाशी नेऊन ठेवलास. माझा प्रश्न एवढाच आहे, मोठी माय. तो तुझ्या चुलीपाशी का नेलास?

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मायला ताप चढला. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी गेलंय, तोंडातून काही दिलं होतं का? बाप, आजोबा, मामा, सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू खाली बघत राहिलीस. चौथ्या दिवशी माय गेली. मी शाळेत परत गेले तेव्हा गुरुजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाण्याचं घरी सांगितलं नव्हतंस का बाई?" मी म्हणाले, "सांगितलं होतं, गुरुजी. मोठी माय ऐकत नाही." एवढंच. यात एकही शब्द मी खोटा बोलले नाही अशी मी पुढे स्वतःची समजूत घालायची. पण गावाला तेवढंच पुरलं. जावेनं जावेला पाणी पाजून मारली, हे तुझ्या नावाला कायमचं चिकटलं. हळदीकुंकवाला तर तुला आधीही कोणी बोलावत नव्हतं, आता लोक तुझ्या हातचा चहाही नाकारायला लागले.

आणि मला वाढवलंस तू. वेणीफणी तुझी, न्हाऊमाखू तुझं, लग्नात पाठवणीला रडलीस ती तू. पण त्या दिवसानंतर तू माझ्याकडे कधी पाणी मागितलं नाहीस. तापानं फणफणलेली असलीस तरी भिंत धरत उठायचीस आणि स्वतः रांजणापाशी जायचीस. मी बघत राहायची. कधी वाटायचं, मला तो गडवा आठवू नये म्हणून ही जपते. कधी वाटायचं, हिला माझ्या हातच्या पाण्याची भीती वाटते. कोणतं खरं, हे मी तुझ्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षं शोधलं. तुझ्या मायेतसुद्धा मी खोट शोधत राहिले. मायकडून मी घेतलं ते हेच, आणि मला त्याची लाज वाटते.

शेवटी तुझ्या उशाशी सगळी जमली होती. एकेकजण तुळशीचं पान बुडवून तुझ्या तोंडात पाणी सोडत होतं. गडवा माझ्या हातात आला तेव्हा तू डोळे उघडलेस, इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस, "पोरी, पानी दे वं." सगळ्यांनी ऐकलं. आणि तेव्हाही माझ्या मनात आलं, ही आता सगळ्यांसमोर सांगणार. माझा हात उचललाच नाही. मी गडवा शेजारणीकडे दिला आणि मागे सरले.

बायका कुजबुजल्या, मायच्या मरणाचा राग अजून गेला नाही हिचा. मी मान खाली घातली आणि त्यांना तसंच वाटू दिलं.