अँबॅसिडरचा इसार

३ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी गाडी काढली. तिसऱ्या खेपेला सुरू झाली. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन परत. क्लच दाबला की डावा गुडघा नुसता बोंब मारतो. ह्यांना सांगितलं नाही, पण शेजारी बसून सगळं कळतं त्यांना. "नंदा, पुढच्या चौकातनं वळव की. बास आज." वळवली. रागानं गिअर जोरात ओढला तर गाडीच रुसली.

शेडमध्ये लावताना लेक शिल्पा दारात उभी. तिच्या दवाखान्याची जागा मालकाला हवीय, मार्चअखेर सोडायची. तिचे पेशंट गुडघ्याचे, कंबरेचे. त्यांना रस्त्यालगतची जागा पाहिजे, आणि आमचं हे शेड अगदी रस्त्यालगत. पोरीनं एका शब्दानं विचारलेलं नाही. तेच जास्त लागतं.

५ फेब्रु., गुरुवार
विषय मीच काढला. विकूया का गाडी? शिल्पा लगेच, "नको आई, मी बघते की दुसरीकडं." हे पेपरात तोंड घालून. बराच वेळ पान उलटलं नाही.

पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला फोन केला. "मॅडम, रंग ओरिजिनल आहे का? सीट ओरिजिनल? हॉर्न?" म्हटलं, चालवणारी ओरिजिनल आहे. हसला नाही मेला. फोटो बघून एक लाख म्हणाला, तेही टायर चांगले असतील तर. ठेवला फोन. टायर चांगले आहेत.

६ फेब्रु.
मग नक्की किती किंमत धरायची? दुपारभर तेच डोक्यात.

ह्यांनी ती घेतली अक्कलकोटच्या एका डॉक्टरांकडनं, वापरलेली. शाळेत मास्तर, पण हौस दांडगी. लायसन काढायला गेले तर डोळ्यांत नापास. अंगणात गाडी आणि घरात चालवणारं कुणी नाही! गल्ली हसली. सासूबाई म्हणाल्या, परत देऊन टाक. हे माझ्याकडं वळून म्हणाले, "तू शीक." एवढंच. मी मैंदर्गीसारख्या छोट्या गावातली, सायकलसुद्धा कधी धरलेली नाही. शेजारचे मौलाचाचा बस चालवून निवृत्त झालेले, त्यांनी शिकवलं. "हौलू छोडो बेटी, क्लच है, दुश्मन नइं."

तेव्हापासून मी उजवीकडं, हे डावीकडं. नऊवारी नाही, पण साडी नेसून अँबॅसिडर चालवणारी बाई बघायला पोरं मागं पळायची. ह्यांना लोक काय काय बोलले असतील. बायकोनं फिरवलेला मास्तर म्हणायचे, ते मला किती वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं. ह्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नाही. आणि शेजारी बसून भीतीनं ब्रेक असल्यासारखा पाय दाबून धरलाय असंही कधी केलं नाही, अगदी पहिल्या दिवशीसुद्धा. नवऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही आपल्यात. इथं लिहून ठेवते. लई आभार.

८ फेब्रु., रविवार
कलबुर्गीचे बिरादार गाडी बघायला आले, सोबत ड्रायव्हर. लग्नाच्या वरातीला जुन्या गाड्या भाड्यानं देतात. माणूस बरा वाटला. गाडीत बसायच्या आधी चपला बाहेर काढल्या. बोलणं सगळं कन्नडमध्ये, आम्हा सीमेवरच्यांना दोन्ही येतात. मला अक्का म्हणाले. उप्पीट दोनदा घेतलं.

आणि मग घोटाळा. लिहितानाही डोकं फिरतंय.

ड्रायव्हर गाडी मागं घेऊन बघत होता. हे भिंतीजवळ हात वर करून उभे, नेहमीसारखे. गाडी मागं येताना ह्यांचं वर्षानुवर्षं एकच: "बरलि, बरलि," येऊ दे, येऊ दे. आणि भिंत आली की "साकु!" पुरे. तर इकडं बिरादार मला म्हणतात, "एरडु लक्ष कोडतीनि, अक्का." दोन लाख देतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिकडनं ह्यांचा खणखणीत मास्तरी आवाज: "साकु! साकु!"

बिरादारांनी हातच जोडले. "आय्तु! मास्तर साकु अंदरु." झालं, मास्तर पुरे म्हणाले! इसार म्हणून अकरा हजार माझ्या हातात ठेवून, पाया पडून गेलेसुद्धा.  आणि हे तिकडं खूश, गाडी भिंतीला घासली नाही म्हणून.

९ फेब्रु.
सकाळी सकाळी भांडण.
"अहो, तुमचं साकु भिंतीला होतं का पैशाला?"
"भिंतीला."
"मग फोन करून सांगा तसं."
"कसं सांगू? माणूस शब्द घेऊन गेलाय."
"शब्द भिंतीचा होता!"
शिल्पा पदराआड हसत होती, म्हणजे ओढणीआड. मलाही हसू आलं, दाबलं. भांडणात हसलं की संपलं. इसाराचे पैसे देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलेत. खर्चायचे नाहीत, मोडायचे नाहीत.

११ फेब्रु., बुधवार
शेवटी मीच केला फोन. भिंत, साकु, सगळं सांगितलं. बिरादार एवढे हसले की ठसका लागला. मग म्हणाले, अक्का, मी तुम्हाला शब्दात धरत नाही. रविवारी शिवरात्र, सोमवारी येतो. द्यायची तर द्या, नाही तर इसार परत द्या आणि उप्पीट खायला घाला.

परका माणूस. अडवून धरता आलं असतं त्याला. भल्या माणसाशी गाठ पडली, नशीब माझं. पण धरलं असतं तर बरं झालं असतं, असंही मनात येऊन गेलं. आता ठरवायचं लोढणं परत माझ्याच गळ्यात.

१३ फेब्रु.
गुडघा दाखवायला शिल्पाच्या दवाखान्यात गेले. जिना चढायला इतका वेळ लागला की तीच खाली बघायला आली. एका आजोबांना मुलानं पाठुंगळी आणलं होतं. ते मात्र पोरीला भरभरून आशीर्वाद देत होते.  येताना शेडमध्ये उगाच उभी राहिले. उजेड चांगला येतो.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, खरं सांगा, तुमच्या लेखी किंमत काय हो तिची? म्हणाले, "मला काय विचारतीस? मी तिच्यात एकटा कधी बसलोच नाही."
विषय बदलला मी. उपासाचा साबुदाणा आणायचा राहिला होता.

१५ फेब्रु., शिवरात्र
देवळात चालतच गेलो, गर्दीत गाडी कुठं घालणार. दुपारी बिरादारांचा फोन. उद्या सकाळी निघतो. देणार असाल तर दोन्ही किल्ल्या काढून ठेवा.

एक खिळ्याला, माझी. दुसरी कुठाय? हे उठले, खिशातनं रिंग काढली. घराची, कपाटाची आणि तिची. दात अजून धारदार, कधी फिरवलेलीच नाही. म्हटलं, चालवता येत नाही तर इतकी वर्षं खिशात कशाला बाळगली?
"तू कुठं अडकलीस, तुझी हरवली, तर आणून द्यायला नको?"
माझी एकदाही हरवली नाही.

आता खुर्चीत बसून रिंगमधनं ती किल्ली काढतायत. चष्मा कपाळावर, नखानं ओढतायत. निघत नाहीये. "नंदा, जरा बघ की," म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवून लिहीत बसलेय.