पेटीत ठेवलेले कार्ड

तीर्थरूप बाबा,

दुरूनच पायांवर डोके ठेवतो. मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

घराचे मात्र अडले आहे. इथल्या रीतीने भाड्याने घर देण्याआधी मालकाला बँकेकडून माझी पत कळायला हवी. मी बँकेत छाती पुढे काढून सांगितले, "आमच्या घराण्यात कुणी कर्ज काढलेले नाही. तुमचे क्रेडिट कार्डही पेटीत ठेवले, एकदाही वापरले नाही."

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "म्हणूनच ते बंद झालं, दादा. उधार घेतलंच नाहीत, तर तुम्ही फेडता हे आम्हाला कसं कळणार?"

मी तिथेच भाषण ठोकले. ऋण न काढणाऱ्यावर संशय घेणारा हा कुठला न्याय, म्हणून विचारले. रांगेतले एक आजोबा म्हणाले, "न्याय नंतर, आधी रांग पुढे जाऊ द्या."

उपाय एकच आहे. आपलेच पैसे अनामत ठेवून नवे कार्ड घ्यायचे, त्यावर किराणा आणायचा, बिल मुदतीत भरायचे. पत दिसायला सहा महिने लागतील. मालक तितके थांबणार नाही.

सूनबाईला तिचे नि आमच्या छकुलीचे इकडे यायचे तिकीट पुढे ढकलायला तुम्हीच सांगा. मी सांगितले तर ती फक्त "बरं" म्हणेल, आणि त्या "बरं"पुढे माझे वक्तृत्व चालत नाही.

तुमची शिकवण मोडून कार्डासाठी सही केली आहे. रागवायचे ते माझ्यावर रागवा, छकुलीसमोर नको.

तुमचाच,
धाकटा